लाकडाच्या वासाचा माणूस

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. मुंग्यांची रांग कुणी पाण्याने मोडावी तसं दिसतं. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे चौथीच्या गुरुजींनी शिकवलं होतं, पण नंतर लिहायची वेळच आली नाही, म्हणून ते हातातून गेलं. चुकेल ते चुकेल, त्याची माफी असावी. खरं तर हे कुणाला दाखवायचं नाही. मुलाच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहिते आहे. तरी लाज वाटतेच.

लिहायचं कारण असं की आमचे गणपतराव चेकर गेल्या आठवड्यात वारले. नळावर बायका बोलत होत्या, "काय माणूस होता! गल्लीतून गेला तरी मागं वास दरवळायचा. जणू देऊळच चालत गेलं." सगळ्या हळहळल्या. मी घागर भरली आणि घरी आले. चारचौघींत बोलायला माझी जीभ उचलत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाही, लिहिते.

आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळतात. सकाळी कारखान्याच्या शाखेतून पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा, पानं भिजवून पत्र्याच्या मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी शाखेत नेऊन द्यायच्या. शाखा म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. तिथे टेबलामागे चेकर बसतो. तो प्रत्येकीचा माल तपासतो, चांगल्या विड्या पास करतो, वाईट बाजूला काढतो. बाजूला काढलेल्या विडीला छाट म्हणतात. छाट विडीचे पैसे मिळत नाहीत. रिवाज असा की छाट विडी बाईच्या समोर मोडायची आणि आतली तंबाखू कारखान्याच्या पिपात परत टाकायची. हजार विड्यांमागे एक कट्टा, म्हणजे पंचवीस विड्या, छाट निघाली तर कुणी काही म्हणत नाही. तेवढं व्हायचंच.

गणपतराव आमच्या शाखेत आले तो दिवस मला आठवतो. दुष्काळ सरून एक वर्ष झालं होतं. आम्ही अठरा जणी भिंतीला टेकून रांगेत बसलो होतो आणि माणूस दिसायच्या आधी वास आला. चंदनाचा होता, पण नुसत्या चंदनाचा नाही. त्यात माठातल्या वाळ्याचा थंडपणा होता आणि वरून काहीतरी कडवट, हिरवं, दवण्यासारखं. आमच्या अंगाला, केसांना, भाकरीला सगळीकडे तंबाखूचा वास. त्यात हा वास आला आणि मी काही कळायच्या आत उठून उभी राहिले, पदर डोक्यावर घेतला. वाटलं, कुणी मोठा, वाचलेला, शांत माणूस आला असणार. अशा वासाचा माणूस खोटं कसं बोलेल? मग दारातून गणपतराव आले. उंच, पांढरं धोतर, काळी टोपी, कानात अत्तराचा फाया. मी त्यांना वाकून नमस्कार केला. बाकीच्या जणी नुसत्या बघत होत्या. तो नमस्कार मला अजून टोचतो.

ते टेबलामागे बसले, खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि म्हणाले, "बायांनो, लांब बसा. तुमचा वास मला सोसत नाही."

हे त्यांचं आमच्याशी पहिलं बोलणं.

त्यांच्या टेबलाखाली देवदाराच्या फळ्यांची एक पेटी असायची. तिला कुलूप. तिच्यात अत्तराची कुपी, धुतलेला सदरा आणि पंचा. तपासणीला बसायच्या आधी ते पेटी उघडायचे, कुपीतली काडी मनगटाला लावायचे, मनगटावर मनगट घासायचे, मग कानामागे. हे सगळं सावकाश, पूजा केल्यासारखं. तोवर आम्ही माल घेऊन उभ्या. कुणाचं मूल घरी रडत असे, कुणाची चूल पेटलेली असे. त्यांना घाई नसे.

अत्तरावर बोलायला मात्र त्यांना आवडायचं. म्हणायचे, "मर्दाला फुलाचा वास शोभत नाही. मोगरा, गुलाब हे बायकांचं. मर्दाला लाकडाचा वास पाहिजे. फूल दोन दिवसांत कुजतं. लाकूड जाळलं तरी वास सोडत नाही." कधी म्हणायचे, "खाली चंदन, मधे वाळा, वर दवणा. घर बांधावं तसं अत्तर बांधावं लागतं. पाया, भिंती, छप्पर." आणि हे सांगून झालं की आमच्याकडे बघून हसायचे, "तुम्हाला काय सांगतोय म्हणा. म्हशीपुढं गीता."

माझ्या शेजारी नरसम्मा बसायची. ती तेलुगू, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं, पण जीभ कात्रीसारखी. तेलुगूत चंदनाला गंधम म्हणतात. तिने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव गंधमय्या ठेवलं. त्यांनी म्हशीपुढं गीता म्हटलं की ही मोठ्याने म्हणायची, "म्हैस दूध तरी देती, चेकरसाब. गंधम काय देतंय?" आणि खोलीभर हशा व्हायचा. गणपतराव तिच्याकडे बघायचे नाहीत. पण ती समोर असताना तिची छाट कधी एका कट्ट्याच्या वर गेली नाही. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते. त्या माणसाच्या हातात कसब होतं. डोळे मिटून ते विडी दोन बोटांत फिरवायचे आणि सांगायचे, "मधे पोकळ आहे," आणि मोडून बघितली की मधे पोकळच असायची. विडीचं तोंड कसं दुमडावं हे मला त्यांनीच दाखवलं. तशी घडी आमच्या रांगेत दुसरी कुणी घालत नव्हती. नरसम्माचा सासरा गेला तेव्हा उन्हाळा होता, मुलगा मुंबईहून यायचा म्हणून प्रेत रात्रभर ठेवावं लागलं. सकाळी सगळ्यांच्या आधी गणपतराव आले आणि आपली अर्धी कुपी प्रेताच्या अंगावर शिंपडली. खोलीतली घाण गेली. नरसम्मा त्यांच्या पाया पडली. गल्लीतले लोक अजून ती गोष्ट सांगतात.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट कुणी सांगत नाही. नरसम्मा सुतकात घरी होती, तिच्या वाटचा माल तिची पंधरा वर्षांची मुलगी घेऊन आली. मुलगी खाली मान घालून उभी. गणपतरावांनी त्या हजारातून दीडशे विड्या छाट काढल्या. मुलगी काही बोलली नाही. पुढे फार उशिरा मला कळलं की हा माणूस विडी तपासत नाही, तोंड तपासतो. जी बोलेल तिची छाट कमी, जी गप्प बसेल तिची जास्त.

आणि माझ्याएवढी गप्प त्या खोलीत दुसरी कोण होती?

माझ्या हजारातून रोज शंभर, सव्वाशे विड्या छाट निघू लागल्या. ते पासबुकात लिहायचे, आणल्या इतक्या, पास इतक्या. छाट माझ्यासमोर मोडायचे नाहीत. टोपलीत टाकायचे आणि म्हणायचे, "नंतर मोडतो. जा." मी जायची. घरी येऊन मी त्याच विडीची घडी घालून घालून बघायची. माझंच काही चुकतं आहे असं मला खरंच वाटायचं. इतका स्वच्छ वासाचा माणूस चुकीचं कसं करेल, हे त्या पहिल्या दिवसाचं खूळ डोक्यातून जात नव्हतं.

त्यात आमच्या यांचा हात मागात सापडला. हे यंत्रमागावर कामाला होते. उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली, डॉक्टरांनी सहा महिने काम नको म्हणून सांगितलं. मालकाने पंधरा दिवसांचा पगार दिला आणि बोळवण केली. घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. चार तोंडं माझ्या विड्यांवर. मी पहाटे उठून पानं कापायची. हजाराच्या जागी कधी अकराशे वळायची. तरी छाट तेवढीच वाढायची.

एका सोमवारी गणपतरावांनी माझं पासबुक बोटाने टेबलावर आपटलं. "बाई, तुझी छाट फार आहे. कारखान्याचं नुकसान होतं. शेवटच्या शनिवारी मॅनेजरसाहेब येणार, तेव्हा तुझं कार्ड कापायला सांगतो."

कार्ड कापलं म्हणजे काम गेलं. दुसऱ्या कुठल्या शाखेत घेत नाहीत, कारण विचारतात, कार्ड का कापलं? मला म्हणायचं होतं, माझ्या घरी हे हात घेऊन बसले आहेत. तोंडातून एवढंच निघालं, "बरं."

नरसम्माने बाहेर आल्यावर माझा दंड धरला. "बरं? बरं काय म्हणती शांतक्का? तोंड हाय का न्हाय तुला? का देवानं भाकर खायलाच दिलंय?"

मी रडले. ती म्हणाली, "रडू नको. रडणाऱ्या बाईची छाट अजून जास्त निघती."

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी माल देऊन आले तेव्हा आमचे हे ओट्यावर बसून विडी ओढत होते. माझ्या विड्या कारखान्याच्या, त्यातली एकही आम्ही घरी ओढायला घेत नव्हतो. हे नाक्यावरच्या टपरीतून सुट्या विड्या आणायचे, बिनलेबलाच्या, स्वस्त मिळायच्या. हे मला म्हणाले, "शांते, ह्या विडीला लई भारी वास येतोय की. आरती घेतल्यागत वाटतंय."

मी म्हटलं, "काहीतरीच."

"अगं खरंच. हुंगून बघ."

बाईमाणसाने विडी नाकाला लावणं बरं दिसत नाही. पण मी त्यांच्याजवळची दुसरी, न पेटवलेली विडी घेतली आणि आत जाऊन हुंगली. चंदन, वाळा, दवणा. मग मी तिचं तोंड बघितलं. घडी माझी होती. आईला आपलं मूल ओळखायला वेळ लागत नाही, तसं मला माझ्या विडीचं तोंड ओळखायला लागला नाही.

तंबाखूचं एक आहे. ती शेजारचा वास ओढून घेते. आमच्याकडे लहान पोरीलाही हे शिकवतात की तंबाखूजवळ रॉकेलचा डबा ठेवायचा नाही, कांदा ठेवायचा नाही. गणपतरावांनी जन्म विड्यांत घालवला, पण अत्तराच्या गर्वात हे ते विसरले. माझ्या छाट विड्या त्यांनी मोडल्याच नव्हत्या. त्या अत्तराच्या पेटीत ठेवल्या आणि टपरीला विकल्या. वाईट म्हणून काढल्या आणि चांगल्या म्हणून विकल्या.

मी नरसम्माला विडी दाखवली. ती म्हणाली, "आत्ता चल." आम्ही दोघी विजापूर वेशीत अत्तरवाल्या चाचांकडे गेलो. म्हातारे, मेंदी लावलेली दाढी, दुकान कपाटाएवढं. नरसम्माने विडी पुढे केली. चाचा म्हणाले, "बहेन, मैं बिडी नै पीता."

"पिऊ नको चाचा, हुंग."

त्यांनी हुंगली आणि भुवया वर गेल्या. "अगे, ये तो चेकरसाब का माल हय! मैंच बना के देता. चंदन, खस, दौना. सोलापूर में दूसरा कोई ये नै लेता." मग त्यांना वाईट वाटलं. "इत्ता महेंगा अत्तर बिडी कू कायकू लगाया?"

नरसम्मा हसून हसून दुकानाच्या पायरीवर बसली. मला हसू आलं नाही. मला शनिवार दिसत होता.

नरसम्माने टपरीवरून पैसे घालून चार कट्टे आणले. ती म्हणाली, "मॅनेजरसमोर मी बोलते. पण माझं मराठी ऐकून तो हसला तर तू बोलायचं." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, देवा, तो हसू नये.

शनिवारी मॅनेजरसाहेब आले. जाडसर, घामेजलेले, सारखी तपकीर ओढायचे. गणपतरावांनी माझं पासबुक त्यांच्यापुढे ठेवलं. "हिचं कार्ड कापायचं, साहेब. हजारी सव्वाशे छाट. हात बिघडलाय बाईचा."

नरसम्मा उठली आणि विड्यांचा कट्टा साहेबांपुढे ठेवला. "साहेब, छाट विडी टपरीवर विकती. वास घ्या. चेकरसाबचा गंधम हाय त्यात."

साहेबांनी विडी नाकाजवळ नेली. हुंगली. पुन्हा हुंगली. मग म्हणाले, "मला काही येत नाही. तंबाखूचा वास आहे."

तीस वर्षं तपकीर ओढलेलं नाक. त्याला काय येणार! गणपतराव हसले. त्यांचं हसूसुद्धा सावकाश असायचं. "साहेब, या बायांचं काय ऐकता? दिवसभर तंबाखूत बसतात, यांना अत्तराची काय पारख? गाढवाला गुळाची चव. ही बाई गप्प म्हणून मी आजवर सांभाळून घेतली, आता तिने ही तेलगीण पुढे केली."

नरसम्मा तेलुगूत काहीतरी भराभर बोलली. साहेब हसले.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. साहेबांनी पेनचं टोपण काढलं होतं आणि माझं पासबुक उघडं होतं. मला घरचा ओटा दिसला, त्यावर फडकं बांधलेला हात मांडीवर घेऊन बसलेले हे दिसले.

मी म्हटलं, "पेटी उघडा."

आवाज इतका बारीक होता की साहेब म्हणाले, "काय?"

"त्यांच्या टेबलाखाली पेटी आहे. ती उघडा."

गणपतराव म्हणाले, "ती माझी खासगी पेटी आहे. त्यात माझे कपडे आहेत."

तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी, जी वर्षातून दोनदा बोलायची, ती म्हणाली, "मग उघडा की. कपडेच हायत तर लाज कसली?" आणि सगळ्याच बोलू लागल्या. उघडा, उघडा. खोली दणाणली. साहेबांनी हात पुढे केला आणि किल्ली मागितली. गणपतरावांनी खिशात हात घातला, बराच वेळ शोधली, जणू खिसा फार खोल होता.

पेटी उघडली तेव्हा वास असा उसळला की साहेबांनीसुद्धा तोंड मागे घेतलं. वर सदरा होता. सदरा उचलला. खाली विड्या. थरावर थर, मधे वर्तमानपत्राचे कागद घालून, चांगल्या निगुतीने रचलेल्या.

"मोडायच्या राहिल्यात," गणपतराव म्हणाले.

साहेब म्हणाले, "किती दिवसांच्या?"

बायका पुढे झाल्या आणि प्रत्येकीने आपल्या हाताची विडी ओळखून काढली. ही माझी. ही माझी, बघा, मी दोरा दोन वेढे देते. ही सरूची, ती डावरी आहे. साहेबांना वाटलं बायका खेळ करतात. त्यांनी दोन विड्या पाठीमागे लपवून अदलाबदल करून बघितल्या. एकही चुकली नाही.

मला वाटलं, आता त्यांना काढून टाकतील. काढलं नाही. साहेबांनी त्यांना बाहेर नेलं, बराच वेळ बोलले आणि आत येऊन म्हणाले, "असा पारखी हात दुसरा मिळत नाही. चेकर हेच राहतील. छाट आता तुमच्यासमोर मोडली जाईल. आणि घेतलेले पैसे त्यांच्या पगारातून तुम्हाला परत मिळतील. पासबुकात सगळं त्यांच्याच अक्षरात आहे. बेरीज कोण करील?"

नरसम्माने मला ढकललं. "शांतक्का चौथी शिकलीय."

मी अकरा जणींची बेरीज केली, कारण जास्त छाट आम्हा अकरा जणींचीच होती. रिवाजाचा एक कट्टा सोडून बाकीचे पैसे धरले. जमिनीवर बसून, खडूने, गणपतरावांच्या पायाशी. सगळ्यांत जास्त माझे निघाले, सत्तेचाळीस रुपये. साहेबांनी ठरवून दिलं, दर शनिवारी प्रत्येकीला एक रुपया. माझं कार्ड राहिलं.

लोकांना वाटेल इथे गोष्ट संपली. माझी इथे सुरू झाली. ज्याला चोर म्हणून उघडं पाडलं त्याच्यासमोर मला रोज जाऊन उभं राहायचं होतं. त्यांनी अत्तर सोडलं नाही. उलट जास्त लावायला लागले. माझी विडी ते दोन बोटांत फार वेळ फिरवायचे, मग पास करायचे. आणि शनिवारी रुपया टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवायचे आणि म्हणायचे, "घे. तुझ्या नाकाचे पैसे."

दर शनिवारी हेच. "घे, नाकाचे पैसे." कुणी नवीन बाई आली की तिला सांगायचे, "हिच्यापासून जपून राहा हो. हिचं नाक लांब आहे." मी रुपया उचलायची, पदराला बांधायची आणि खाली मान घालून बाहेर पडायची.

कुणी म्हणेल, दया यायला हवी होती. एकटा माणूस होता, बायको लवकर गेलेली, खाणावळीत जेवायचा. अत्तर लावून घरी कुणासाठी जायचा? हे सगळं मला माहीत होतं. मला दया आली नाही. एकदा ते आजारी होते तेव्हा नरसम्मा त्यांना पेज घेऊन गेली. सासऱ्याच्या वेळचे उपकार ती विसरली नव्हती. मी गेले नाही. त्यांच्या वासाने माझा विश्वास घेतला होता, आणि तो कुठल्या पासबुकात लिहिलेला नव्हता.

एकेका बाईचे पैसे फिटत गेले. सरूचे फिटले, म्हातारीचे फिटले. आमच्या ह्यांचा हात बरा झाला, ते पुन्हा मागावर जाऊ लागले. शेवटी मी एकटी उरले. सत्तेचाळिसावा शनिवार आला. शेवटचा रुपया राहिला होता.

त्या दिवशी मी मुद्दाम मागे थांबले होते असं नाही, माझा नंबरच शेवटचा होता. खोली रिकामी झाली होती. गणपतरावांनी आठ आणे टेबलावर ठेवले.

"उरलेले पुढच्या शनिवारी," ते म्हणाले. "आज सुटे नाहीत."

त्यांच्यासमोरच्या बशीत सुट्या नाण्यांचा ढीग होता. त्यांना तो दिसत होता आणि मलाही. पुढच्या शनिवारी चार आणे देतील, त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. माझ्या ध्यानात आलं की हा माणूस मला हा रुपया कधीच पुरा करू देणार नाही.

मी आठ आणे उचलले आणि टेबलासमोर जमिनीवर बसले.

"काय बाई? जा."

"थांबते."

"मला कुलूप लावायचंय."

"लावा."

त्यांनी पासबुकं आवरली. टोपी घातली. पेटी उघडून काडी मनगटाला लावली, मनगटावर मनगट घासलं, कानामागे लावली. मी बसून होते. बाहेर कुणाचा तरी माग खडखडत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी बशीतून आठ आण्यांचं नाणं उचललं आणि माझ्याकडे फेकलं. ते माझ्या गुडघ्याला लागून घरंगळत भिंतीपाशी गेलं.

"घे. तुझ्या नाकाचे."

मी नाण्याकडे बघितलं नाही. त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत मी त्यांच्या डोळ्यांकडे पहिल्यांदाच बघत होते. ते पिवळट होते आणि थकलेले होते.

"हातात द्या," मी म्हटलं.

ते उभेच राहिले. मी हात पुढे करून ठेवला. तो मागे घेतला नाही. मग गणपतराव भिंतीपाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, नाणं उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

सत्तेचाळीस रुपये पुरे झाले.